कोबीवर्गातील बहुवर्षायू भाज्यांचे पुनर्रोपण : मेढा–महाबळेश्वर परिसर

बागेत एकदा रुजून स्थिरावलेले, दोनतीन वर्षे पाने देत आलेले झाड मुळासकट उचलून दुसऱ्या जागी लावणे, ही बागाईतातील एक जुनी व अवघड क्रिया आहे. कोबीवर्गातील केल या बिनगड्ड्याच्या पालेभाजीच्या बाबतीत तिला विशेष महत्त्व आहे. केल (ब्रॅसिका ओलेरॅशिया, प्रकार ॲसेफाला, कुल–क्रुसिफेरी) हिचा आपल्याकडील केळीशी नामसादृश्यापलीकडे काहीही संबंध नाही. हिचे खोड उंच व काष्ठमय होते, पाने शेंड्याकडे गुच्छाने येतात आणि खालची पाने खुडून घेतली तरी शेंडा वाढतच राहतो. हिचे बहुतेक प्रकार द्विवर्षायू असले, तरी काही बहुवर्षायू आहेत. त्यांपैकी ‘डोबँटन’सारखे प्रकार क्वचितच फुलतात, त्यामुळे त्यांचा प्रसार बियांनी न होता फांद्यांच्या छाटांनी किंवा वाढलेली झाडे हलवून केला जातो. जे झाड बी धरत नाही, ते एका बागेतून दुसऱ्या बागेत जाण्यासाठी माणसाच्या हातांवरच अवलंबून असते. सातारा जिल्ह्यातील मेढा व महाबळेश्वर या भागात कोबीवर्गातील भाज्या आल्या, रुळल्या आणि बाजारात गेल्या. त्यांचे बहुवर्षायुत्व मात्र वाटेतच गळून पडले. ते कसे गळले आणि त्याचे परिणाम काय झाले, हा प्रस्तुत विषय आहे.

परिसर : मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण वेण्णा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी वेण्णा लिंगमळ्याजवळ कड्यावरून खाली येते, केळघर व मेढा यांवरून वाहत जाते आणि साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेस मिळते. मेढ्याच्या खालच्या बाजूस तिच्यावर कण्हेरचे धरण आहे. ब्रिटिश अमदानीत महाबळेश्वरची ‘माल्कमपेठ’ जावळी तालुक्यातच मोडत असे आणि तिचा महसुली कारभार मेढ्याशी जोडलेला होता. म्हणून घाटमाथ्यावरील बागांचा इतिहास व खोऱ्यातील शेतीचा इतिहास वेगळे काढता येत नाहीत. पुढे महाबळेश्वर हा स्वतंत्र तालुका झाला.

या प्रदेशातील शेतीचे स्वरूप पाऊस ठरवतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सुमारे ६,००० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. तेथून पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने घटतो. पाचगणीस तो महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, तर घाट उतरून वाईस पोचेपर्यंत त्याचा लहानसा अंश उरतो. मेढ्याचे स्थान या दोहोंच्या मधले आहे. माथ्यावर जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी व पावसाने धुऊन निघालेली जमीन आहे. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे आणि उतारावर नाचणी व वरी यांची शेते आहेत. तरवा टाकणे, तो उपटून जुड्या बांधणे व चिखलात लावणे ही कामे येथील कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली होती. नाचणीसुद्धा येथे रोपे लावून करीत. परदेशी भाज्या आल्या तेव्हा रोपे उचलून लावण्याचे कसब शेतकऱ्याला शिकवावे लागले नाही. फक्त हे कसब कोवळ्या रोपाचे होते. वाढलेल्या झाडाचे स्थलांतर ही निराळी विद्या आहे. ती परसातील माणसाला अळूचे कंद, केळीचे मुनवे, तोंडलीचे वेल व शेवग्याच्या फांद्या यांच्या निमित्ताने ठाऊक होती. या सर्व झाडांना निसर्गाने हलविण्याची सोय दिलेली आहे : कंद, मुनवा, किंवा सहज मुळे धरणारी फांदी. कोबीवर्गातील झाडाला एकच मुख्य मूळ व एकच खोड असते. त्याला ना कंद असतो ना मुनवा.

प्राचीन इतिहास व नावे : कोबी, फुलकोबी, नवलकोल व केल ही सर्व एकाच जातीची रूपे आहेत. पश्चिम व दक्षिण यूरोपच्या किनाऱ्यावरील चुनखडीच्या कड्यांवर या जातीची रानटी झाडे आढळतात. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रॅस्टस याने इ. स. पू. चौथ्या–तिसऱ्या शतकांत तिचे कुरळ्या पानांचा, गुळगुळीत पानांचा व रानटी असे तीन प्रकार नोंदविले आहेत. रोमन ग्रंथकार केटो याने या भाजीच्या औषधी गुणांची पाने भरून स्तुती केली. घट्ट गड्ड्याचा कोबी हा नंतरचा, थंड उत्तरेकडे घडलेला प्रकार होय. आधीच्या माणसांची भाजी म्हणजे पाने खुडण्याचे झाड. चॅनल बेटांपैकी जर्सी येथे या झाडाचे खोड ३ मी. किंवा त्याहून उंच वाढवीत व वाळलेल्या खोडाच्या हातकाठ्या करीत. पोर्तुगालमध्ये ‘कोव्ह गालेगा’ ही उंच खोडाची केल आजही परसात वर्षभर उभी असते आणि रोजच्या सारासाठी तिची पाने खुडली जातात.

मराठीतील ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’ या शब्दावरून आला. पोर्तुगीज भाषेत ‘कोव्ह’ हे या सगळ्या वर्गाचे नाव आहे. गड्ड्याच्या कोबीला तेथे ‘रेपोल्यू’ असा वेगळा शब्द आहे. म्हणजे आपण गड्ड्याला जे नाव दिले, ते मुळात पानांच्या झाडालाही तितकेच लागू होते. नाव व्यापक आले, वस्तू मात्र एकच टिकली. ‘नवलकोल’ किंवा ‘अलकोल’ या नावात ‘नोल-कोल’ या डच-जर्मन वळणाच्या शब्दाचा अवशेष आहे आणि ‘फ्लॉवर’ हा इंग्रजी शब्दाचा अर्धा तुकडा आहे. बटाटा, पाव, अननस या शब्दांप्रमाणेच या नावांवरूनही कोणती वस्तू कोणत्या जहाजाने आली याचा माग काढता येतो.

महाबळेश्वरची बाग : मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम (कार. १८२७–३०) याने महाबळेश्वर हे आरोग्यधाम म्हणून वसविले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी १८२९ मध्ये झालेल्या करारान्वये वाई भागातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात डोंगरमाथ्यावरील जमीन कंपनी सरकारकडे आली. मेढ्याचे खोरे मात्र साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा होईपर्यंत छत्रपतींच्याच अमलाखाली होते. अशा रीतीने दोन दशके माथा एका सत्तेचा व पायथा दुसऱ्या सत्तेचा होता. पण माथ्यावरील गोऱ्या वसाहतीला लागणारे धान्य, दूध, मजूर व हमाल खोऱ्यांतूनच वर जात असत.

त्या वसाहतीला आपल्या देशच्या भाज्या हव्या होत्या. त्या पिकविल्या, त्या मात्र फार दूरच्या माणसांनी. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरील इंग्रजी वसाहतींतून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेल्या चिनी व मलायी कैद्यांसाठी महाबळेश्वर येथे तुरुंग बांधण्यात आला होता. सुमारे १२० कैदी सामावतील एवढा तो होता. या कैद्यांनी तेथील बरेचसे रस्ते तयार केले, वेताच्या टोपल्या व खुर्च्या विणल्या आणि तुरुंगाच्या बागेत उत्तम आरारूट व बटाटे पिकविले. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. सुटलेल्यांपैकी काही तेथेच राहिले व भाजीपाला पिकवू लागले. महाबळेश्वरचा बटाटा पुण्या-मुंबईच्या बाजारांत नावाजला गेला, त्याचे श्रेय प्रायः या हद्दपार माणसांकडे जाते. ज्यांना स्वतःला मुळासकट उपटून येथे आणले होते, त्यांनीच परक्या झाडांना येथे मूळ धरायला लावले, हा योगायोग महाबळेश्वरच्या प्रवासवर्णनांत सहसा सांगितला जात नाही. तेथील ‘पॉइंट’ गव्हर्नरांच्या व साहेबांच्या नावांनी ओळखले जातात. बागाइतांचा मान मिळालेले असे एकही नाव या कैद्यांपैकी नाही.

पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी वनस्पतिबागेतही याच काळात परदेशी झाडांवर प्रयोग होत होते. डॉ. चार्ल्स लश आणि त्यांच्यानंतर १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे या बागेचे अधीक्षक होते. औषधी वनस्पती, फळझाडे व भाज्या यांची रोपे आणि बी तेथून वाटले जात असे.

बी आले, झाड आले नाही : बहुवर्षायू केल या मार्गाने का आली नाही, याचे उत्तर त्या काळच्या जहाजवाहतुकीत सापडते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत. खारे वारे व विषुववृत्तावरील उष्णता यांत जिवंत झाड क्वचितच तगत असे. बीसुद्धा दमट हवेने निकामी होई. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास बंद काचपेटीत झाडे दीर्घकाळ जगतात हे पाहिले आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे ऑस्ट्रेलियास सुखरूप पोचली. या ‘वॉर्डच्या पेटी’ने वनस्पतींच्या स्थलांतराचा इतिहास बदलला. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८–५१ या काळात चीनमधील चहाची झाडे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. १८६० नंतर दक्षिण अमेरिकेतील सिंकोनाची रोपे निलगिरीत पोचली तीही अशीच. महाबळेश्वराजवळ लिंगमळा येथेही सिंकोना लावून पाहण्यात आला. परंतु चार महिने अखंड पाऊस आणि आठ महिने कोरडे हवामान त्याला मानवले नाही व प्रयोग सोडून द्यावा लागला.

काचपेटी खर्चाची होती आणि तो खर्च ज्यातून महसूल किंवा औषध मिळेल अशाच झाडांवर केला गेला. परसातील भाजीसाठी कोणी काचपेटी भरली नाही. भाजी आली ती बियांच्या पुडीतून. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर या पुड्या ताज्या व स्वस्त मिळू लागल्या आणि दर हंगामात विलायती बी मागविण्याची रीत पक्की झाली. जे प्रकार बी भरपूर धरतात व ज्यांचे बी विकता येते तेवढेच या वाटेने आले. डोबँटनसारखी न फुलणारी केल पुडीत मावणारी नव्हती.

दुसरे कारण शरीरक्रियाविषयक आहे. गड्ड्याचा कोबी द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी तो पाने व गड्डा करतो आणि नंतर ४° ते १०° से. तापमानात काही आठवडे काढल्यावरच त्याला फुलांचा दांडा फुटतो. या शीतसंस्काराशिवाय तो फुलत नाही. महाबळेश्वरच्या हिवाळ्यातील सरासरी किमान तापमान १३°–१४° से.च्या आसपास राहते. खोऱ्यातही ही थंडी सलग पडत नाही. त्यामुळे येथे कोबीचा गड्डा उत्तम येतो, पण बी येत नाही. फुलकोबीचे नशीब वेगळे निघाले. सहारनपूरच्या कंपनी बागेत १८२२ मध्ये इंग्लंडहून तिचे बी आणण्यात आले. उत्तरेच्या मैदानी भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या उष्णता सोसणारी व लवकर येणारी झाडे बियांसाठी राखून ठेवली आणि शंभर वर्षांच्या आत मैदानातच बी धरणारी ‘भारतीय फुलकोबी’ तयार झाली. फुलकोबी शेतकऱ्याच्या निवडीने देशी झाली. कोबी मात्र पाहुणाच राहिला.

या परावलंबनाची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळून आली. परदेशी बियांची आवक थांबली, तेव्हा १९४२–४३ मध्ये क्वेट्टा येथे थंड हवेतील भाज्यांचे बी तयार करण्यास आरंभ झाला. फाळणीनंतर क्वेट्टा पाकिस्तानात गेले आणि १९४९ मध्ये कुलू खोऱ्यातील कटराईन येथे हे काम नव्याने उभारावे लागले. ‘गोल्डन एकर’सारख्या कोबीचे बी पुढे तेथून देशभर गेले. राष्ट्रीय बीज निगम १९६३ मध्ये स्थापन झाले व बी-बियाणे अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला. १९८८ च्या नव्या बीजधोरणाने भाज्यांच्या बियांची आयात सुलभ झाल्यावर संकरित वाण पसरले. संकरित झाडाचे बी ठेवून पुढच्या वर्षी पेरले, तर पीक एकसारखे येत नाही. त्यामुळे दरवर्षी नवे पाकीट घेणे भाग पडते. मेढ्याच्या शेतकऱ्याला घरचे भाताचे बी ठेवता येत होते, परसातला अळू आजीच्या काळापासून तोच असू शकत होता. कोबी मात्र प्रत्येक वर्षी विकतच घ्यावा लागे.

खुंटाचे आयुष्य : या कोंडीला एक आडवाट आहे आणि तिच्याकडे आपल्या कृषिलेखनाने दिले तेवढे लक्ष पुरेसे नाही. ज्या उबदार हिवाळ्यामुळे कोबीला बी येत नाही, त्याच हिवाळ्यामुळे तो मरतही नाही. द्विवर्षायू झाड फुलून बी धरल्यावर संपते. फुललेच नाही, तर ते वाढत राहू शकते. गड्डा कापल्यावर उरलेला खुंट उपटला नाही, तर त्याला बगलेतून धुमारे फुटतात, हे परसात कोबी लावणाऱ्या कोणालाही दिसते. पूर्व आफ्रिकेतील केन्याच्या डोंगराळ भागात याच गुणावर एक संपूर्ण लोकभाजी उभी आहे. ‘सुकुमा विकी’ (शब्दशः ‘आठवडा ढकला’) या नावाची केल गरिबाच्या घरी महिनोन्‌महिने उभी असते, रोज तिची पाने खुडतात आणि बगलेतील फुटवे काढून नवी लागण करतात. काश्मीरमधील ‘हाख’ हीही याच वर्गातील गड्डा न धरणारी भाजी. तिचीही खालची पाने खुडून शेंडा राखतात. परंतु तेथे कडक थंडी असल्यामुळे ती फुलते, बी धरते आणि घरचे बी घरात राहते.

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि खोऱ्यात बहुवर्षायू केल टिकविण्यातील अडचण थंडीची नाही; ती पावसाची व त्यानंतर उन्हाळ्याची आहे. जून ते सप्टेंबरमध्ये पाण्याने तुडुंब भरलेल्या जमिनीत तिची मुळे गुदमरून कुजतात, तर एप्रिल–मेमध्ये पाने करपतात व किडी माजतात. एकाच जागी बारा महिने उभे राहणे तिला येथे शक्य होत नाही. म्हणून येथे बहुवर्षायुत्व टिकवायचे, तर झाडाने जागा बदलली पाहिजे : पावसाळ्यापूर्वी आडोशाच्या उंच वाफ्यात आणि पावसाळा संपताच मोकळ्या बागेत. यूरोपात झाड क्वचित, बाग बदलली तर हलवितात. येथे ते ऋतूंबरोबर हलवावे लागते.

पुनर्रोपणाची कृती : मेढ्याच्या हवामानात स्थिरावलेले झाड हलविण्यास सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत अनुकूल. जमिनीत ओल असते पण पाणी साचलेले नसते, आणि पुढे थंडी असते. फुलांचा दांडा आलेले झाड हलवू नये. त्याची शक्ती फुलोऱ्यात गेलेली असते. हलविण्याच्या दहा-बारा दिवस आधी खोडापासून वीतभर अंतरावर खोऱ्याने किंवा पहारीने गोलाकार चर घेऊन बाजूची मुळे तोडावीत व चर मातीने बुजवून पाणी द्यावे. तुटलेल्या टोकांशी नवी तंतुमुळे फुटतात आणि झाड उचलताना ती मातीच्या गड्ड्यातच राहतात. घाईने याच पायरीला फाटा दिला जातो आणि मग झाड का मेले याचे कारण दुसरीकडे शोधले जाते.

उचलण्याच्या आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्यावे. खालची जून पाने पूर्णपणे काढून व वरची मोठी पाने अर्धी कापून एकूण पर्णभार निम्म्याहून कमी करावा. तुटलेली मुळे जेवढे पाणी शोषू शकतात तेवढेच बाष्पीभवन झाले पाहिजे, हे यामागील तत्त्व आहे. शेंडा मात्र राखावा. मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळून उन्हे उतरल्यावर हलवावा. नवा खड्डा गड्ड्याहून रुंद घ्यावा व तळाशी चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून घालावे. ताजे शेण मुळांना बाधते. झाड आधीपेक्षा खोल, शक्य तर खालच्या पानांच्या देठांच्या खुणांपर्यंत, लावावे. कोबीवर्गातील खोडाला मातीत गेलेल्या भागावर आगंतुक मुळे फुटतात, आणि उंच वाढून एका बाजूला कललेले जुने झाड यामुळे पुन्हा सरळ व मजबूत होते. माती टाचेने दाबून घ्यावी. पान धरून हलके ओढले असता झाड हलता कामा नये. वाऱ्याच्या बाजूला काठी रोवून खोड सैल बांधावे आणि आठ-दहा दिवस टहाळ्यांची सावली करावी. दुपारी पाने मलूल होऊन सकाळी ताठ होत असतील, तर काळजीचे कारण नाही. सकाळीही ती लोंबत असतील, तर पर्णभार आणखी कमी करावा.

जुन्या झाडाच्या बाबतीत दगा होण्याचा संभव असतोच. म्हणून त्याच वेळी बगलेतील १०–१५ सेंमी. लांबीचे, जोमदार फुटवे टाचेसह काढून ओल्या वाळूमिश्रित मातीत सावलीत लावावेत. तीनचार आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात. झाड जगले तर दोन झाली, मेले तर वंश राहिला. बहुवर्षायू केल खऱ्या अर्थाने बहुवर्षायू राहते ती अशा छाटांच्या साखळीने; एकेका झाडाचे उत्पादनक्षम आयुष्य फार तर चार-पाच वर्षांचे असते.

मातीबरोबर येणारे रोग : मातीच्या गड्ड्यासह झाड हलविण्यात एक मोठा धोका आहे. कोबीवर्गात मुळांवर गाठी आणणारा रोग प्लॅस्मोडिओफोरा ब्रॅसिकी या सूक्ष्मजीवामुळे होतो, हे रशियन शास्त्रज्ञ व्होरोनिन याने १८७८ मध्ये सिद्ध केले. याची बीजाणुके मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात आणि आम्लधर्मी, ओल्या जमिनीत रोग बळावतो. जांभ्याची जमीन नेमकी तशीच असल्यामुळे चुना घालून आम्लता कमी करणे व त्याच जागी पुन्हापुन्हा कोबीवर्गातील पीक न घेणे, एवढी दक्षता घ्यावीच लागते. पानांच्या कडांवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे पिवळे डाग पडून शिरा काळ्या होणारा घाण्या रोग रोपांतून व बियांतून पसरतो. संशयित बागेतील झाड मातीसह न आणता त्याचे फक्त फुटवे आणावेत, हा त्यावरचा साधा उपाय आहे. परदेशातून येणाऱ्या झाडांबरोबर माती येऊ नये याविषयी १९१४ च्या कीड-रोग अधिनियमाने आणि पुढे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने निर्बंध घातले आहेत, त्यामागील कारणही हेच होय.

स्ट्रॉबेरीचा धडा : ऋतूंबरोबर बहुवर्षायू झाड हलविण्याची कल्पना केलच्या बाबतीत या परिसरात परसापुरतीच राहिली, तिचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग येथे झाला तो स्ट्रॉबेरीच्या रूपाने. बागेतील स्ट्रॉबेरी ही उत्तर अमेरिकेतील व चिलीतील दोन जातींच्या संकरातून अठराव्या शतकात यूरोपात निर्माण झाली. चिलीतील जातीची झाडे फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये फ्रान्सला नेली होती. ही बहुवर्षायू ओषधी असून तिला जमिनीवर सरपटणारे धावते खोड फुटते व त्याच्या पेऱ्यांवर नवी रोपे तयार होतात. महाबळेश्वरात ती इंग्रजी अमदानीपासून आहे. परंतु तेथील पावसात मातृरोपे चांगली तगत नाहीत. म्हणून शेतकऱ्यांनी ती घाटाखाली, वाई तालुक्यातील कमी पावसाच्या गावांत न्यावयास सुरुवात केली. तेथे पावसाळ्यात धावत्या खोडांची रोपे तयार होतात आणि सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा घाट चढून गादीवाफ्यांवर लागतात. हिवाळाभर फळे येतात. दुसऱ्या वर्षी हाच फेरा पुन्हा सुरू होतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बहुवर्षायू असलेले हे पीक येथे व्यवहारात वर्षायू झाले आहे. त्याचे सातत्य वाफ्यात नसून घाटाच्या रस्त्यावर आहे.

१९९० नंतर परदेशी मातृरोपे आणून त्यांपासून रोपे करण्याची पद्धत रूढ झाली. ‘चँडलर’, ‘सेल्व्हा’, ‘स्वीट चार्ली’, ‘कामारोसा’, ‘विंटर डॉन’ असे वाण एकामागून एक आले. उत्पादन वाढले, प्रक्रिया उद्योग उभे राहिले, २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि लागवड घाट उतरून जावळी तालुक्यातील गावांतही पोचली. पाचगणीजवळचे भिलार हे गाव २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून प्रसिद्ध झाले, त्याआधीपासून ते स्ट्रॉबेरीचे गाव होते. मात्र येथेही कोबीच्या बियांचाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. मातृरोपे काही वर्षांत विषाणुरोगांमुळे क्षीण होतात. मग ती पुन्हा परदेशांतून आणावी लागतात आणि त्यांचा भाव चलनाच्या दरावर अवलंबून राहतो. रोगमुक्त मातृरोपे ऊतिसंवर्धनाने येथेच तयार करता येतात. तंत्र उपलब्ध आहे, परंतु ते सामान्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत अद्याप पुरेसे पोचलेले नाही.

केल स्वतः या परिसरात उशिरा, निराळ्या दाराने आली. मोठ्या शहरांतील उपाहारगृहे व दुकाने यांच्यासाठी पुणे–पाचगणी भागात ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी यांच्यासोबत तिची लागवड होऊ लागली आहे. ती बियांपासून, हरितगृहात, एका हंगामापुरती केली जाते आणि पाने कोवळी असतानाच पीक मोडले जाते. हंगाम संपल्यावर वाफ्यातून उपटून फेकल्या जाणाऱ्या या झाडांना पावसाळ्यात आडोसा व ऑक्टोबरमध्ये नवी जागा मिळाली, तर त्यांतील काही पुढच्या वर्षीही पाने देऊ शकतात.